सीमेबाहेरचा सातारा

आईला साताऱ्याला जायचं होतं आणि मी तिला नेलं नाही. ती गेल्यावर सात महिन्यांनी मी एकटीच जाऊन आले, कारण मला एक गोष्ट नक्की करून घ्यायची होती. तिला मी नेलं नाही, की तिच्या व्रताने जाऊ दिलं नाही? मी शाळेत गणित शिकवते. उत्तर आलं की त्याच्याखाली दोन रेघा मारायची सवय आहे. या प्रश्नाखालीही मला तशा दोन रेघा मारून मोकळं व्हायचं होतं.

व्रत म्हणजे क्षेत्रसंन्यास. काशीबाहेरच्या लोकांना तो समजावून सांगावा लागतो. काशीत मरण आलं की मुक्ती, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मरण काही आपल्या सोयीने येत नाही. जन्म सगळा काशीत काढला आणि नेमके दोन दिवस भाचीच्या लग्नाला कानपूरला गेलात, तिथेच कारभार आटोपला, की सगळं मुसळ केरात. म्हणून काही माणसं उतारवयात संकल्प करतात, की यापुढे काशीची सीमा ओलांडायची नाही. वडील गेल्यावर वर्षभराने आईने तो केला. पंचगंगा घाटावर, सकाळच्या थंडीत, ओल्या पातळात. गुरुजींनी मंत्र सांगितले, तिने हातावरून पाणी सोडलं, आणि घरी येऊन नेहमीसारखी भाजी चिरायला बसली.

सीमा म्हणजे तीन बाजूंनी पंचक्रोशीचा रस्ता आणि पूर्वेला गंगा. समोरचा काठ बाहेरचा. त्या काठावर मरणारा पुढच्या जन्मी गाढव होतो, असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या शाळेतल्या एक बाई तिकडे रामनगरला राहतात. त्यांना मी हे ऐकवलं तर त्या म्हणाल्या, "म्हणून तर आत्तापासून तपासायच्या कापियांचा गठ्ठा वाहायची सवय करून घेतेय." आई मात्र हे हसण्यावारी नेत नसे. पाहुणे आले की आम्ही नावेतून पलीकडच्या रेतीवर जायचो. सगळे उतरून फिरायचे, घोड्यावर बसायचे, चहा प्यायचे. आई नावेतच बसून राहायची, चपला मांडीवर घेऊन. नाववाल्याने एकदा विचारलं, "माताजी, पैर में तकलीफ है का?" तर म्हणाली, "नहीं भइया, रेती में है."

व्रत आईचं होतं, पण पहारा माझा. खरं तर तिने एकदा घेतलं आणि ती विसरून गेली होती, म्हणजे श्वास घेणं विसरतो तितकं. विसरले नव्हते ते मी. सारनाथ सीमेत येतं की नाही यावर मी दोन शास्त्रीबुवांचं भांडण लावून दिलं आणि ते मिटेना तेव्हा सारनाथही बंद करून टाकलं. शेजारच्या मुलीचं लग्न रामनगरच्या हॉलमध्ये होतं. आईने लहानपणी तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं. मी परस्पर सांगून टाकलं, आई येणार नाही. आईला नंतर कळलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" फार सपाट असायचं, त्यातून काही कळायचं नाही.

आई साताऱ्याची. विसाव्या वर्षी लग्न होऊन ब्रह्माघाटाच्या गल्लीत आली ती इथलीच झाली. तिच्या मराठीत हिंदी इतकी मुरली होती की साताऱ्याचे यात्रेकरू आमच्याकडे उतरले की तिच्या बोलण्यावर हसायचे. "कंबल ओढून घ्या, इथली ठंड जबर असते," असं ती सांगायची आणि ते एकमेकांकडे बघायचे. पण सातारा तिच्या जिभेवरून कधी उतरला नाही. जगभरचे मराठी लोक "काशीस जावे नित्य वदावे" म्हणतात. आमच्या घरात काशीत बसून "साताऱ्यास जावे" चालायचं. साताऱ्याला सपाट रस्ताच नाही, एक तर चढ नाही तर उतार. साताऱ्याला मान वर केली की अजिंक्यतारा, इथे मान वर केली की वायरी आणि माकडं. साताऱ्याचं पाणी कासच्या तळ्यातून डोंगर उतरून आपलं आपण घरी येतं, त्याला पंप लागत नाही. हे तर मी शंभरदा ऐकलं. मी लहानपणी दोनदा गेले होते. मला बसमध्ये झालेली उलटी तेवढी आठवत होती.

व्रताला नऊ वर्षं झाली होती. मार्गशीर्ष होता, रविवार. मी जमिनीवर सतरंजी टाकून सहामाहीचे पेपर तपासत होते आणि आई खाटेवर बसून कापसाच्या वाती वळत होती. वळता वळता म्हणाली,

"साताऱ्याला एकदा जाऊन यावं म्हणते. छोटीला बघून बरेच दिन झाले."

छोटी म्हणजे माझी मावशी, सत्तरी ओलांडलेली.

मी मान वर केली नाही. म्हटलं, "आई, तुझा क्षेत्रसंन्यास आहे."

"तो आहेच की."

"मग? वाटेत काही झालं तर? मिर्झापूरच्या पुढे कुठेतरी, गाडीत? नऊ वर्षांचं सगळं पाण्यात जाईल."

तिने हातातली वात पुरी केली, ताटलीत ठेवली. "बरं," म्हणाली.

मनात तेव्हा आणखीही काही होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच. आणि जे निघालं ते शास्त्राला धरून होतं, त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. तिने पुन्हा कधी साताऱ्याचं काढलं नाही. म्हणजे जाण्याचं काढलं नाही. कासचं पाणी उतरत राहिलं.

त्याच हिवाळ्यात मी तिच्यावर एका शालीवरून चिडले होते. तिची एक राखाडी लोकरी शाल होती, वडिलांनी घेतलेली, जाड, कडेला मरून पट्टी. पौषात धुकं असं पडलं की समोरच्या घराचा दरवाजा दिसेना, आणि ही साधी सुती चादर गुंडाळून बसलेली. शाल कुठेय विचारलं तर म्हणाली, "दिली."

"कुणाला?"

"गरज होती तिथे दिली."

मी खूप बोलले. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला काही ना काही द्यायची तिची खोड होती आणि मला ती आवडत नसे. उद्या मलाही देऊन टाकशील कुणाला तरी, असंही म्हणाले. ती ऐकून घेत राहिली. मग मी माझा शाळेचा जुना निळा कार्डिगन तिच्या अंगावर टाकला. तिला तो ढगळ व्हायचा, बाह्या दुमडाव्या लागायच्या. त्यानंतरचे दोन हिवाळे तिने त्यातच काढले. नवी शाल आणते म्हटलं तर नको म्हणायची, आहे माझी, म्हणायची. "आहे" का म्हणते, हे मी विचारलं नाही. वय झालं की माणसं काळाची गल्लत करतात, असं मी धरून चालले होते.

फाल्गुनात ती गेली. घरी, आपल्या खाटेवर, दुपारी. चहा झाला होता. मी कप उचलायला गेले तर मान एका बाजूला. मी नाडी पाहिली, डॉक्टरांना फोन केला, आणि माझ्या मनात पहिलं वाक्य आलं ते असं, की सीमेच्या आत. मला त्याचं बरं वाटलं. ते सोडून काही वाटलं नाही.

तिला गल्ल्यांतून नेलं. शिंदे घाटाशी उतरल्यावर ते कललेलं देऊळ दिसतं, अर्धं पाण्यात. येणारेजाणारे थांबून फोटो काढतात. त्या दिवशीही काढत होते. मी त्या देवळाकडे पाहत चालले आणि त्याचा कोन किती असेल याचा विचार करत राहिले. मणिकर्णिकेवर अग्नी मीच दिला. एकुलती मुलगी, दुसरं कोण देणार. दोघेतिघे कुजबुजले, पण तिथे दिवसाला इतकी माणसं येतात की कुजबुजायलाही कुणाला फार वेळ नसतो. शेवटी खांद्यावरून मागे मडकं टाकायचं असतं आणि वळून न बघता निघायचं असतं. तिथला माणूस म्हणाला, "बिटिया, पीछे मत देखना." मी नाही पाहिलं. पाहावंसंही वाटलं नाही.

घरी येऊन मी अंघोळ केली. तेराव्या दिवशी जेवणावळ झाली. चौदाव्या दिवशी शाळेत गेले. वार्षिक परीक्षा होत्या, पर्यवेक्षण केलं, पेपर तपासले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. मी खंबीर वगैरे नव्हते, मला फक्त काही होत नव्हतं. उन्हाळ्यात तिची कपाटं आवरली. सुती चादर, निळा कार्डिगन, वातींचा डबा. पोटात खड्डा पडेल म्हणून वाट पाहिली, पडला नाही. फक्त एक वाक्य डोक्यात अधूनमधून यायचं, मिर्झापूरच्या पुढे कुठेतरी. अगदी पाढा म्हणताना मध्येच एखादी ओळ अडकते तसं ते अडकून बसलं होतं. कुणाला विचारणार? ज्यांनी तिला संकल्प सांगितला ते गुरुजी आईच्या आधीच वारले होते. मग दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या तसं मी मावशीला फोन केला, मी येते म्हणून.

मावशी म्हणाली, "ये. सामान जास्त आणू नकोस, तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही." मी म्हटलं, मी सामान कधीच जास्त आणत नाही. हे खरं होतं. प्रवासात दुसऱ्याचं ओझं उचलायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. आई आणि मी कुठेही निघालो, की स्टेशनवर आमचं भांडण ठरलेलं. तिच्या पिशव्या, त्यातले डबे, त्यातली लोणची. सीमा बंद झाल्यावर ती भांडणंही बंद झाली. मला त्याचा मनातून आनंदच झाला होता, हे लपवून काय करू.

काशी ते पुणे एक रात्र आणि वर बराचसा दिवस. मिर्झापूर लागलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. एक प्लॅटफॉर्म, समोशांची गाडी, एक कुत्रं. तिथे कुणी मरायला हरकत नव्हती आणि जगायलाही. मग झोप लागली.

पुण्याहून बसने खंबाटकी घाट चढला, सातारा आला. आई म्हणायची ते खरं होतं, सपाट रस्ता नाही. रिक्षावाल्याने मला पोवई नाक्यावरून वर वर नेलं आणि प्रत्येक वळणावर अजिंक्यतारा तसाच समोर, आडवा, वरून कापल्यासारखा सपाट, त्यावर टीव्हीचा मनोरा. मी तो पाहिला. फोटोत असतो तसाच होता.

मावशीने दार उघडलं आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या मनात आलं, ही आईपेक्षा बुटकी आहे. मग तिने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू काय बाई काशीची गंगा, रडून रडून आटली असशील." मी हो म्हटलं.

मी तिच्यासाठी गंगाजलाचा गडू नेला होता. काशीहून कुणी काही नेतं तर तो नेतंच. तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला. मावशीने तो देवघरात ठेवला. तिथे आधीच सहा गडू होते, सगळे बंद. पन्नास वर्षांत आमच्याकडून आलेले. "फोडत का नाहीस?" मी विचारलं.

"अगं, मरणाऱ्याच्या तोंडात घालतात ते. आमच्याकडे मरतंय कोण एवढं?" असं म्हणून ती हसली आणि मग पदराने नवा गडू पुसत राहिली.

पुढचे तीन दिवस तिने मला सातारा दाखवला. म्हणजे आईला दाखवायचा राहिलेला सातारा माझ्यावर खर्च केला. आधी शनिवार पेठेतलं आईचं माहेर. तिथे आता चार मजल्यांची इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. मावशीने दुकानाच्या पायरीकडे बोट दाखवलं, "इथे आमचं तुळशीवृंदावन होतं." दुकानदार म्हणाला, "काही हवंय का मावशी?" मावशी नको म्हणाली. मग मोती चौकात कंदी पेढे घेतले. मग चार भिंती म्हणतात त्या टेकडीवर गेलो. तिथून सगळं शहर खाली दिसतं. डोंगराच्या कुशीत, बशीत सांडल्यासारखं. मावशी एकेक दाखवत होती, हे मंगळवार तळं, तो राजवाडा, ती माझी शाळा आणि तुझ्या आईचीही. इथून सबंध मराठी राज्याचा कारभार चालायचा, पार तुमच्या काशीपर्यंत, असंही तिने अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, हो, आमच्याकडे अमृतराव घाट आहे, शिंद्यांचा आहे, मणिकर्णिका अहिल्याबाईंनी बांधून घेतली. ते आम्हाला रोजचंच. मावशी म्हणाली, "तुम्ही लोक सगळं असं बोलता, वाण्याची यादी वाचल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा. जुनी काळ्या दगडाची देवळं, शांत, ओलसर. मी कृष्णा पाहिली आणि मनात म्हटलं, एवढीच? आमच्याकडे पावसाळ्यात अस्सीचा नाला याहून मोठा होतो. लगेच वाटलं, आईने हे ऐकलं असतं तर कान पिळला असता. पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. मावशी डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मी पाण्याखालचे माझे पाय पाहत होते. ते दुसऱ्या कुणाचे असावेत असे दिसत होते.

तिसऱ्या दिवशी जीप करून यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावर. मावशी वाटभर फुलांबद्दल बोलत होती, कसे गालिचे पसरतात, कशी निळी, कशी पिवळी. वर पोचलो तर फुलं संपलेली. पंधरा दिवसांपूर्वी यायला हवं होतं, तिकीट फाडणारा माणूस म्हणाला. काळा कातळ, पिवळं पडलेलं गवत, वारा. मावशीचा चेहरा पडला. फुलं जणू तिनेच मोडली होती, अशी ती माझी माफी मागत राहिली. मला अजिबात वाईट वाटलं नाही, उलट या तीन दिवसांत पहिल्यांदाच माझ्यासारखं काहीतरी भेटलं होतं. पुढे कासचं तळं लागलं. त्याचं पाणी डोंगर उतरून आपलं आपण शहरात जातं, मावशी सांगू लागली. मी म्हटलं, "आणि त्याला पंप लागत नाही."

"तुला कसं ठाऊक?"

वारा फार होता, अंगावर काटा आला. मी नेहमीसारखं कमी सामान आणलं होतं, गरम काही नव्हतं. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "घरी गेल्यावर आठवण कर. तुझ्या आईची शाल काढून देते."

"कुठली शाल?"

"अगं ती, राखाडी. मरून पट्टीची."

परतीच्या घाटभर मी खिडकीकडे तोंड करून बसले. मावशीला वाटलं मला गाडी लागते, लहानपणीसारखी. तिने एक पिशवी माझ्या हातात देऊन ठेवली.

घरी आल्यावर तिने चहा ठेवला आणि आतल्या खोलीतून एक कापडी पिशवी आणली. आमच्याच घरातली, मी ओळखली. काशीच्या चौकातल्या दुकानाची, बंद आईने स्वतः पुन्हा शिवलेले. मावशीने एकेक वस्तू दिवाणावर मांडली. राखाडी शाल, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी. दोन पातळं. पावडरीचा छोटा डबा. जुना चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला. आणि पायमोजे.

"कार्तिकी पौर्णिमेला आमच्याकडची माणसं गेली होती ना काशीला, तुमच्याकडेच उतरली होती. त्यांच्याबरोबर पाठवलं. फोन केला मला, म्हणाली, छोटे, मी येतेय पौषात, तुमच्याकडे वारा फार असतो, शाल पुढे पाठवते. मी म्हटलं, अगं, येशील तेव्हा आण की. तर म्हणाली, नको. लेक सामान पाहिलं की वैतागते. मी नुसती पर्स घेऊन गाडीत चढले की तिला बोलायला जागा नाही."

मी शालीवरून हात फिरवला. मग विचारलं. खास ते विचारायला आले होते आणि तीन दिवस तोंडातून निघत नव्हतं. "मावशी, तिचा क्षेत्रसंन्यास होता. ती येणार कशी होती?"

"अगं, ते तिने आधी विचारलं होतं गुरुजींना. गुरुजी म्हणाले, म्हातारपणी बहिणीला भेटायला जाताय, विश्वनाथ काही हाकलून देणार नाही. जाऊन या, परत आलात की पंचगंगेवर प्रायश्चित्त घेऊ, काही दोष लागलाच तर माझ्या माथी. तुला नाही सांगितलं तिने?"

"नाही."

"तुला विचारायच्या आधीच सामान पाठवून मोकळी झाली. म्हणाली, लेक नाही म्हणायची नाही."

चहा उतू गेला. मावशी उठून आत गेली, गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला. मला ते सगळं ऐकू येत होतं. ती कप घेऊन आली आणि समोर बसली. मी विचारलं, मग ती आली नाही तेव्हा तुला काय म्हणाली?

"मी चिडलेच तिच्यावर. म्हटलं, गुरुजींनी परवानगी दिलीय, तू सांग तसं लेकीला. तर म्हणे, नको गं. मी विचारलं तर तिला केवढा धक्का बसला. गाडीत मेलीस तर काय होईल, म्हणाली. माझ्या मुक्तीची मला नाही एवढी तिला काळजी आहे, छोटे. असं लेकरू कुणाला मिळतं? तिचा जीव नको दुखवायला. शाल राहू दे तिकडेच, बघू पुढे कधी." मावशीने पदराने डोळे टिपले. "शेवटपर्यंत कौतुक करायची हो तुझं. प्रत्येक फोनला. लेकीने मला काशीत राखलं, म्हणायची."

मी इतके दिवस जी दोन रेघा मारायची जागा शोधत होते ती ही. आणि मावशीने त्या रेघा माझ्या बाजूने मारूनही दिल्या होत्या. मी गप्प बसून चहा प्यायले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. सगळ्यांच्या दृष्टीने मी आईची मुक्ती सांभाळणारी लेक, आईच्याही दृष्टीने. छातीत काहीतरी सरकलं, सात महिन्यांत पहिल्यांदा, आणि ते फार दुखलं.

"मावशी," मी म्हटलं, "मला तिच्या मुक्तीची काळजी नव्हती."

"म्हणजे?"

"माझे पेपर तपासायचे होते. गाडीत तिला बाथरूमला न्यावं लागलं असतं, रात्री दोनतीनदा. खालची बर्थ मिळवायला टीसीच्या मागे लागावं लागलं असतं. तिच्या पिशव्या उचलाव्या लागल्या असत्या. मला कंटाळा आला होता, मावशी. नुसता कंटाळा. व्रत मी तोंडावर फेकलं, कारण ते हाताशी होतं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता, त्याच्या मनोऱ्यावरचा लाल दिवा लागला होता. मला वाटलं ती म्हणेल, असू दे गं, होतं असं. ती तसं म्हणाली नाही, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

"पिशव्या तर तिने पाठवून दिल्या होत्या," मावशी म्हणाली.

"हो."

मग मी रडले. कशी, किती, ते सांगण्यात अर्थ नाही. मावशीने मला जवळ घेतलं नाही, समोर बसून राहिली, आणि मला तेही बरोबर वाटलं. माझा चहा गार झाल्यावर तिने तो आत नेऊन पुन्हा गरम करून आणला.

सकाळी निघताना तिने पिशवी माझ्या हातात दिली. शाल, पातळं, चष्मा, सगळं घडी करून. मी ती परत तिच्या कपाटात ठेवली, खालच्या फळीवर, होती तिथेच.

"अगं, घेऊन जा की. तुझ्या आईची आहे."

"राहू दे इथेच," मी म्हटलं. "तेवढी तरी ती आली आहे."